सोफा वळणार का?

दिवाणखान्यासाठी सोफा निवडताना आपण कापड पाहतो, बैठक दाबून पाहतो आणि सोफा ज्या भिंतीला लावायचा तिची लांबी मोजतो. एक मोजमाप मात्र राहून जाते : घरात येण्याच्या वाटेवरील सर्वांत अवघड वळणाचे. पॅसेज काटकोनात वळतो आणि नवा सोफा तेथेच अडकतो. तो वळेल की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी कागदावर ठरवता येते. त्यासाठी शाळेतील पायथागोरसचा सिद्धांत पुरतो.

समजा, वळणाच्या दोन्ही बाजूंना पॅसेजची रुंदी 'प' आहे. सोफ्याची लांबी 'ल' आणि पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतची रुंदी 'र' आहे. सोफा पायांवर ठेवूनच सरकवायचा आहे. 'र' ही 'प'पेक्षा कमी हवी, हे उघड आहे. वळताना सर्वांत बिकट अवस्था येते ती सोफा ४५ अंशांत तिरपा झाल्यावर. तेव्हा पाठीची दोन्ही टोके बाहेरच्या भिंतींना टेकतात आणि पुढच्या कडेला आतला कोपरा आडवा येतो.

बाहेरचा व आतला कोपरा यांतील अंतर म्हणजे 'प' बाजूच्या चौरसाचा कर्ण, अर्थात १.४१४ प. सोफ्याची पाठ आणि बाहेरच्या दोन भिंती यांचा समद्विभुज काटकोन त्रिकोण होतो. त्यामुळे बाहेरच्या कोपऱ्यापासून पाठीपर्यंतचे अंतर ल/२ असते. त्यापुढे सोफ्याची रुंदी मावायला हवी. म्हणून नियम असा :

ल/२ + र ही बेरीज १.४१४ प पेक्षा जास्त नसावी.

पॅसेज १२० सेंमी रुंद असेल, तर उजवी बाजू सुमारे १७० येते. तिघांचा सोफा २०० सेंमी लांब व ८५ सेंमी रुंद असेल, तर बेरीज १८५ होते. तो वळणार नाही. दोघांचा १५० सेंमी लांबीचा सोफा त्याच रुंदीचा असेल, तर बेरीज १६० होते, तो वळेल.

अनुभवी हमाल अशा वेळी सोफा उभा करतात. मग जमिनीवर लांबीऐवजी सोफ्याची उंचीच जागा घेते. ती ८५ सेंमी धरली, तर बेरीज १२७.५ होते आणि सोफा सहज वळतो. मात्र आता दरवाजाची उंची २०० सेंमीपेक्षा जास्त हवी.

उभे करण्याची मुभा नसेल, तर एक एकक रुंदीच्या पॅसेजमधून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा आकार वळवता येईल? हा प्रश्न गणितज्ञ लिओ मोझर यांनी १९६६ मध्ये मांडला. चौरसाचे क्षेत्रफळ १ आहे. वरील नियमात बसणारा कोणताही आयत त्यापुढे जात नाही. अर्धवर्तुळ मात्र आतल्या कोपऱ्याभोवती फिरवता येते. त्याचे क्षेत्रफळ १.५७. १९६८ मध्ये जॉन हॅमर्स्ली यांनी टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार सुचवला : मध्ये आयत, त्याच्या दोन्ही बाजूंना पाव वर्तुळे आणि आयताच्या आतल्या कडेला अर्धवर्तुळाकार खाच. आतला कोपरा या खाचेत सामावतो, म्हणून क्षेत्रफळ २.२०७४ पर्यंत जाते. १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हर यांनी १८ तुकड्यांच्या सीमारेषेने ते २.२१९५ वर नेले. वाढ जेमतेम अर्धा टक्का! यापेक्षा मोठा आकार शक्य नाही, याची शंभराहून अधिक पानांची सिद्धता दक्षिण कोरियाचे जिन-ऑन बेक यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडली. मोठा आकार शोधणे आणि त्याहून मोठा नाहीच हे सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना येथे छान दाखवता येते.

वर्गात हा प्रयोग जरूर करा. पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून १० सेंमी रुंदीचे काटकोनी वळण तयार करा. २० सेंमी लांबीचे दोन आयत कापा : एक ४ सेंमी रुंद, दुसरा ४.५ सेंमी. कोणता अडकेल, याचे उत्तर आधी नियमावरून वहीत लिहून घ्या आणि मगच आयत सरकवा. नंतर हॅमर्स्लींचा आकार करून पाहा : पाव वर्तुळांची त्रिज्या १० सेंमी, आयत १२.७ गुणिले १० सेंमी, खाचेची त्रिज्या ६.४ सेंमी. अवघ्या अर्ध्या सेंमीने अडकलेला आयत ज्याने हातात धरला, तो विद्यार्थी पुढे घरी सोफा घेण्याची गोष्ट निघाली की आधी मोजपट्टी शोधेल.