ऑइल फिल्टर : पत्र्याच्या डब्यातली तडजोड

डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे पडते आणि मालक धास्तावतो. काळ्या रंगाची धास्ती नको. काजळी गोळा होऊ न देता तरंगत ठेवणे हे आजच्या ऑइलचे कामच आहे. दुधाळ चहासारखे दिसले तर मात्र पाणी शिरले समजावे. इंजिनाला खरा धोका धुळीच्या बारीक कणांचा. चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. त्या थराच्या जाडीचा मातीचा कण आत अडकला की दोन्हीकडे ओरखडे काढतो, आणि सुटलेला धातूचा कीस पुढची झीज सुरू करतो.

अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्ग यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर काढला. १९२४च्या क्रायस्लर गाडीत तो बसला. तेव्हा थोडेच ऑइल गाळले जाई, बाकीचे तसेच फिरे. पुढे सगळे ऑइल गाळून बेअरिंगकडे पाठवायची पद्धत रुळली, आणि अडचण आली ती तिथेच. फिल्टरमधला गाळणीचा कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले तर? म्हणून फिल्टरच्या आत किंवा त्याच्या बैठकीत एक झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि न गाळलेले ऑइल सरळ पुढे जाते. कोरड्या बेअरिंगपेक्षा घाण ऑइल परवडले, हा हिशेब मला पटतो. पण वेळेवर न बदललेला फिल्टर नुसता शोभेचा उरतो, हेही त्यातच आले.

हिरो होंडाच्या शंभर सीसी गाड्यांत कागदही नव्हता. जाळी, आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला फिरणारी एक वाटी; जड कण कडेला फेकले जाऊन तिथेच चिकटत. मेकॅनिकने ती उघडून पुसली तरच उपयोग.

तरी ऑइलमधली बरीचशी माती हवेच्या वाटेने येते. उन्हाळी नांगरटीत धुरळ्यात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच हवे. कमी असेल तर धूळ आत जाते, जास्त असेल तर इंजिन ते ओढून घेते. महागडा फिल्टर घेण्याआधी एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज तपासा. तिथल्या क्लिपा सैल असतील, तर कोणताही ऑइल फिल्टर सिलिंडरचा लायनर वाचवू शकणार नाही.