पाणी जातं कुठे? गटाच्या जुन्या गाडीचा हिशोब



बचत गटाने मालगाडी घ्यायची ठरवलं की बहुतेक वेळा ती जुनीच घेतली जाते, कारण नवी परवडत नाही. आणि जुन्या गाडीसोबत एक तक्रार हमखास येते, "पाणी कमी होतं." रोज सकाळी एक बाटली टाका अन् निघा, असं गाडी विकणाराच सांगून जातो. आज आपण त्या रोजच्या बाटलीबद्दल बोलू. पाणी जाता जाता एक दिवस इंजिन जातं. आणि इंजिन बंद पडलं तरी कर्जाचा हप्ता बंद पडत नाही.

इंजिनाला पाणी कशाला लागतं?

खापरखेड्यात हे समजवायला लांब जावं लागत नाही. आपल्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, त्या वाफेच्या जोरावर चक्र फिरतं. मग ती वाफ गार करून तिचं पुन्हा पाणी करायला वेगळं गार पाणी लागतं. १३४० मेगावॉटच्या केंद्राला गारवा लागतो, तसाच गाडीच्या लहानशा इंजिनालाही लागतो. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा थोडाच भाग चाकं फिरवतो. बाकीची काही धुरासोबत जाते, काही पाणी वाहून नेतं. पंप हे पाणी इंजिनाच्या अंगातून फिरवतो. गरम झालेलं पाणी समोरच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने गार होतं आणि परत इंजिनात जातं.

तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. डिझेल खर्च होण्यासाठी असतं, हे पाणी खर्च होण्यासाठी नसतं. ते वारंवार कमी होत असेल, तर कुठून तरी बाहेर जात आहे, एवढं पक्कं समजा.

झाकण म्हणजे कुकरची शिट्टी

कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? आत वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या वर गेल्यावर उकळतं. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. ते ठरावीक दाब आत धरून ठेवतं, म्हणून इंजिनातलं पाणी सहज उकळत नाही. दाब जास्त झाला की झाकणातली स्प्रिंग उचलली जाते आणि थोडं पाणी बाजूच्या पांढऱ्या बाटलीत जातं. गाडी थंड झाली की तेच पाणी परत आत ओढलं जातं.

कुकरचं रबर जुनं झालं की वाफ बाजूने निघते आणि शिट्टीच होत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की इथेही तसंच होतं. दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. म्हणून गळती शोधताना झाकण आधी तपासावं. इंजिनाच्या मानाने ते फारच स्वस्त असतं.

कुकर गॅसवरून उतरवल्याबरोबर आपण झाकण ओढत नाही. तसंच गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं.

हिशोब आपल्याला येतो

मिस्त्रीचं काम आपल्याला येत नाही, पण हिशोब येतो. पैसा कुठून आला, कुठे गेला, हे आपण दर बैठकीत लिहितो. आमच्या गटाच्या गाडीची गळतीसुद्धा या सवयीनेच सापडली.

आमची गाडी भाजी घेऊन खापरखेड्याहून कोराडीमार्गे नागपूरच्या कॉटन मार्केटला जाते. पाणी कमी होत होतं. आधी पाइपाची क्लिप बदलली. मग रेडिएटर काढून झाळून आणला. तरी पाणी कमी व्हायचंच. गाडी चालवणारे भाऊ पाणी बघत नसतील, अशी कुजबुज गटात सुरू झाली. तेव्हा आम्ही गाडीसाठी वहीत एक वेगळं पान केलं. त्यात रोज चार गोष्टी लिहायच्या ठरवल्या.

पहिली, सकाळी गाडी सुरू करण्याआधी बाटलीतली पातळी. बाटलीवर नेलपॉलिशने रेघ मारली. सकाळचीच वेळ ठरवली, कारण गरम असताना पाणी फुगून वर दिसतं, त्या पातळीवर भरवसा ठेवता येत नाही.
दुसरी, किती पाणी टाकलं. त्यासाठी एकच मापाची बाटली ठेवली.
तिसरी, किती किलोमीटर चालली, माल किती होता, दुपारी चालली की पहाटे.
चौथी, रात्री गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर डाग पडला का, आणि पडला तर कुठल्या भागाखाली.

पंधरा दिवसांत पान बोलायला लागलं. गाडी उभी असली की पातळी जागची हलत नव्हती आणि पुठ्ठा कोरडा राहत होता. पहाटेच्या रिकाम्या फेरीला थोडंच पाणी जायचं. भर दुपारी माल भरून चालली की बाटली खाली उतरायची. म्हणजे गळती फक्त गरम इंजिनात, दाब चढल्यावर होत होती. आणि पाणी तापलेल्या लोखंडावर पडून तिथेच वाळत होतं, म्हणून जमिनीवर थेंब दिसत नव्हता. भाऊंवरचा संशय त्याच दिवशी मिटला. आमच्या दृष्टीने ही गळती सापडण्याइतकीच मोठी गोष्ट होती.

मिस्त्रीला काय सांगायचं?

"पाणी कमी होतं" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने एकेक वस्तू बदलत जातो आणि खर्च गटाच्या डोक्यावर बसतो. आम्ही पान घेऊन गेलो आणि दाब देऊन तपासायला सांगितलं. त्यासाठी सायकलच्या पंपासारखा हातपंप येतो, त्याला दाब दाखवणारा काटा असतो. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी तो जोडतात आणि झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब भरतात. काटा खाली आला की पाणी कुठून तरी निघतंय. मग बॅटरी घेऊन एकेक जागा बघायची.

कुठे कुठे बघायचं, ते लिहून घ्या. रबरी पाइपांची टोकं आणि क्लिपा. रेडिएटरची जाळी आणि तिला वर-खाली जोडलेल्या टाक्यांचा सांधा. थर्मोस्टॅटचं घर. इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या, त्या आतून गंजून झिरपतात. आणि वॉटर पंप. पाणी वाळून गेलं तरी पांढरा किंवा कुलंटच्या रंगाचा डाग मागे राहतो. मातीच्या माठावर क्षार फुलतात, तसाच तो दिसतो.

आमच्या गाडीचं झाकण खराब निघालं. ते बदललं, तरी वहीतली पातळी खाली येतच राहिली. दुसऱ्यांदा पंप जोडून ठेवला आणि इंजिन सुरू करून गरम होऊ दिलं. तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ओल येताना दिसली. हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं आणि आपल्याला कळावं, यासाठी ते असतं. कुणी ते छिद्र एम-सीलने बुजवून देतो म्हणालं तर देऊ देऊ नका. आम्ही पंप बदलला आणि त्याच्या जवळचा फुगलेला पाइपही बदलला.

एक गळती बाहेरून दिसतच नाही. हेड गॅस्केट गेलं की पाणी इंजिनाच्या आतच जातं. त्याच्या खुणा अशा : गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, ऑइलची पट्टी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात. यातलं काही दिसलं तर गाडी चालवू नका, ओढून न्या. हे काम सगळ्यात महाग असतं. आधीची लहान गळती तशीच राहिली आणि इंजिन वारंवार तापलं, तर बहुधा इथेच येऊन पोहोचतं.

हळद, बोअरचं पाणी आणि नागपूरचं ऊन

रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकतात. हळद फुगून छिद्रात बसते आणि गाडी घरापर्यंत येते. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि पाण्याची वाट अडवते. अडचणीत घरी पोहोचण्यापुरता हा उपाय ठीक आहे. त्यानंतर रेडिएटर धुऊन घ्यावाच लागतो.

बोअरच्या जड पाण्याने पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर चढतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. इंजिनात तेच होतं. थर चढला की उष्णता पाण्यात उतरत नाही, आणि नुसत्या पाण्याने लोखंड गंजतं. म्हणून कुलंट वापरायचं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असं काही जण म्हणतात. ते गंज रोखतं आणि पाणी उशिरा उकळू देतं. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात ही गोष्ट लहान नाही. तयार मिसळलेलं कुलंट असेल तर तसंच टाका. मिसळायचं असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बॅटरीत टाकतात त्या शुद्ध पाण्यात मिसळा.

आपल्या रस्त्यांवर कोळशाची आणि राखेची धूळ असते. ती रेडिएटरच्या जाळीत भरली की गाडी तापते आणि पाणी उकळून बाहेर पडतं. गळती नसताना गळती वाटते. गाडी थंड असताना जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पाती वाकतात.

आणि हे नीट ऐका. कुलंट विष आहे आणि चवीला गोड असतं. लेकरं, शेळ्या, कुत्री ते चाटू शकतात. सांडलं तर लगेच पुसा, उघड्या भांड्यात ठेवू नका, पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका. जुनं काढलेलं कुलंट विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. मुलाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा.

काटा लाल रेघेकडे गेला तर

गाडी बाजूला घ्या, बंद करा, झाकणाला हात लावू नका. निदान अर्धा तास जाऊ द्या. वरचा पाइप हाताला गार लागला की जाड कापड धरून झाकण आधी थोडंसं फिरवा, दाब निघू द्या, मग उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. माल सुकेल, बाजार चुकेल, तरी थांबा. एका फेरीचं नुकसान भरून निघतं.

दुरुस्तीनंतरही पान चालू ठेवा

नवं कुलंट भरताना आत हवा अडकते. मिस्त्रीला सावकाश भरायला आणि हवा काढायला सांगा. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरली तर ती बहुतेक त्या हवेची जागा भरते. त्यानंतर रेघ जागेवर राहिली पाहिजे. आमच्या गाडीची रेघ तीन आठवडे जागेवर राहिली, तेव्हाच आम्ही काम झालं असं वहीत लिहिलं.

ज्या गटांकडे गाडी आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढं ठरवावं : सकाळची नोंद कोण करणार, बदललेली जुनी वस्तू मिस्त्रीकडून परत कोण आणणार, आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी दर फेरीचे किती रुपये बाजूला टाकायचे. ज्यांच्याकडे गाडी नाही पण घेण्याचा विचार आहे, त्यांनी गाडी बघायला जाताना सकाळी इंजिन थंड असताना जावं, झाकण उघडून पाणी बघावं आणि ऑइलची पट्टी काढून बघावी. पाणी गढूळ, गंजलेलं किंवा त्यावर तेलाचा तवंग दिसला, तर विसार देऊ नये.