सहा मिलिमीटरमधली झाडं

भर जुलैत डोंबिवली पूर्वेला 22 केव्हीची केबल गेली. केबलमध्ये विजेचे झटके सोडणाऱ्या थंपर यंत्राचा ठोका जमिनीखाली कुठे धप्प वाजतो ते ऐकत रात्री जागा सापडली, सकाळी खड्ड्यातलं पाणी उपसलं आणि केबल जोडणारे जॉइंटर दादा कामाला बसले. त्यांनी कापून टाकलेला तुकडा मी मागून घेतला.

जळक्या भोकाजवळची पातळ चकती आम्ही ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लूमध्ये मुरवली. मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या इन्सुलेशनमध्ये निळी झुडपं दिसली, काही आतून बाहेर वाढलेली, काही बाहेरून आत. हीच 'वॉटर ट्री'. इन्सुलेशनची जाडी अवघी 6 मिमी, त्यात ओल आणि एसी व्होल्टेज यांच्या जोरावर ती वर्षानुवर्षं मुकाट वाढतात. जपानी संशोधक मियाशितांनी 1969 साली त्यांची नोंद केली, तोवर इन्सुलेशनच्या पॉलिथिनला पाणी बाधत नाही असाच समज होता.

यावरचा उपाय चिमूटभर आहे. 1983 साली युनियन कार्बाइडने झाडांची वाढ रोखणारं एक्सएलपीई, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधलेलं पॉलिथिन, बाजारात आणलं. अशा मिश्रणात पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखं पाण्याशी जमवून घेणारं द्रव्य असतं. ते ओल पसरवून ठेवतं, एका जागी थेंब साचू देत नाही.

दादांनी नवी केबल सोलली तेव्हा गोडसर वास आला. तो अ‍ॅसिटोफेनोनचा. पॉलिथिनच्या या साखळ्या बांधण्यासाठी डायक्युमिल पेरॉक्साइड घालतात, ते फुटून हे उरतं. गंमत अशी, की हा उरलेला पदार्थच इन्सुलेशनची विजेपुढची ताकद वाढवतो. पण तो टिकत नाही. अतिउच्च दाबाच्या केबलमधला, त्याच पेरॉक्साइडमधून आलेला मिथेन काढायला ती कित्येक दिवस गरम खोलीत ठेवतात, तेव्हा हाही काही प्रमाणात निघून जातो. म्हणून संशोधक ही ताकद देणारा असा पदार्थ, म्हणजे 'व्होल्टेज स्टॅबिलायझर', शोधतात, जो पॉलिथिनला धरून राहील.

आपल्याकडे वर्षातले चार महिने केबल ओल्या मातीतच असते. मला वाटतं, खरेदीच्या कागदावर झाडांची वाढ रोखणारं मिश्रण नाव घेऊन मागायला हवं. आणि ड्रमवरच्या टोकाची टोपीही तपासायला हवी. उघड्या टोकातून तारांच्या फटींत पाणी शिरलं, तर ते केबलभर आत सरकत जातं.

पुन्हा सर आली. हत्यारं भिजत होती, तिकडे दादांनी पाहिलंही नाही. आधी त्यांनी केबलचं कापलेलं तोंड मुठीत झाकलं.

"टोपी दे रे!" ते वर ओरडले.