पंचनाम्यात न येणारी जखम

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० माणसे मेली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. अशा मरणामागे एकच कारण असते असे कोणी म्हणू नये. पण गोळी न लागलेला माणूसही जखमी होतो, हे आपण त्यानंतरही कितीसे मनावर घेतले?

अत्याचारानंतर फिर्याद, पंचनामा, मोर्चा, नुकसानभरपाई ही धावपळ ठरलेली. ती झालीच पाहिजे. पण इकडे वस्तीची झोप उडालेली असते. बुटांचा आवाज आला की बाई दचकते, पोर शाळेत जात नाही, जो वाचला तो ‘मीच कसा वाचलो’ म्हणून स्वतःला खात राहतो. याला आपण बाहेरची बाधा म्हणतो, नाहीतर भित्रेपणा. वास्तविक ही अन्यायाने मनाला केलेली जखम आहे.

पहिल्या दिवसांत सुरक्षित निवारा आणि ओळखीचे माणूस हाच उपचार. बोलेल ते ऐकावे, खोदून विचारू नये. (येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यापुढे तीच हकीकत वदवून घेणे हाही छळच.) महिना उलटूनही झोप नसेल, तेच तेच डोळ्यांपुढे येत असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर मात्र त्याच दिवशी न्यावे, एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस, विनामूल्य आहे. मराठीतही बोलता येते.

गोळ्या देऊन लोकांचा संताप निजवायचा काय, असा आक्षेप येईल. संताप हा रोग नव्हेच. पण महिनाभर न झोपलेला साक्षीदार उलटतपासणीत उभा कसा राहणार? अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या पुनर्वसनाचा हक्क आला. त्या मागणीत मनाचा उपचार आपणच लिहून घातला पाहिजे.

बोभाट्याची भीती असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता आणि जातिभेदाविना उपचार हा हक्क दिला आहे. तरीही ‘जातीचा विषय डोक्यातून काढा’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर डॉक्टर बदलावा, उपचार सोडू नये. आणि पुढच्या खेपेस सोबत वस्तीतले कोणीतरी जावे.