शिपायाचा माग जमिनीच्या दप्तरात

टेक्ससमधलं एखादं घराणं अभिमानाने ‘आमचे पूर्वज सॅन जसिंटोच्या लढाईत होते’ असं सांगू लागलं, की वंशावळीतले जाणकार पहिला प्रश्न विचारतात: जमीन किती मिळाली आणि कोणत्या काउंटीत?

प्रश्न रोखठोक आहे, पण चुकीचा नाही. २१ एप्रिल १८३६ ची ती लढाई जेमतेम अठरा मिनिटं चालली. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा सेनापती सांता आना टेक्ससच्या सॅम ह्यूस्टनच्या माणसांच्या हाती लागला आणि टेक्सस मेक्सिकोपासून तुटलं. नव्या प्रजासत्ताकाच्या तिजोरीत खडखडाट होता, जमीन मात्र अमाप. त्यामुळे सैनिकांचे उपकार जमिनीतच फेडले गेले. दर तीन महिन्यांच्या चाकरीला ३२० एकर, ते वाढत १,२८० पर्यंत. सॅन जसिंटोला लढलेल्यांना, १८३५ च्या सॅन अँटोनियोच्या वेढ्यात असलेल्यांना आणि अलामोच्या गढीत व गोलियाडला मेलेल्यांच्या वारसांना वर आणखी ६४० एकर. शिवाय २ मार्च १८३६ च्या स्वातंत्र्यघोषणेच्या वेळी तिथे राहत असलेल्या कुटुंबप्रमुखाला सुमारे ४,६०५ एकर. मोजणी स्पॅनिश वारांत, म्हणजे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश इंच भरणाऱ्या मापात. आपल्याकडचे कुलवृत्तांत लिहिणारेही पराक्रमाच्या बखरीआधी इनामाची सनद हुडकतात, ते काही उगाच नाही.

या सनदा, दाखले आणि मोजणीची टिपणं ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसात आहेत. त्यांचं महत्त्व वाढलं ते एका आगीमुळे. १८५५ मध्ये ॲडजुटंट जनरलचं कार्यालय जळालं आणि मूळ हजेरीपटांसह बरंच लष्करी दप्तर खाक झालं. आग कुणीतरी लावली, असा संशय तेव्हाच घेतला गेला, कारण जमिनीच्या खोट्या दाव्यांचा धंदा तेजीत होता. त्याआधी १८४० मध्येच सरकारला बनावट दाखले शोधायला फिरतं मंडळ नेमावं लागलं होतं. म्हणून नुसतं दाखल्यावर नाव सापडलं म्हणून हुरळून जाऊ नये. दाखला खरा असला तरी जमीन कुणा तिसऱ्याच्या नावावर निघते, कारण रोख पैशाची चणचण असलेल्या शिपायांनी आणि अलाबामा-केंटकीत बसलेल्या वारसांनी आपले हक्क दलालांना मातीमोल भावात विकले होते.

या फायलींत सगळ्यात वाचनीय भाग साक्षीदारांच्या जबान्यांचा. अलामोत टेक्ससच्या बाजूने लढणारे जवळपास सगळे मेले. मग अमुक माणूस तिथेच होता हे सांगणार कोण? नॅकोगडोचेसच्या जमीन मंडळापुढे लुई रोझ नावाचा एक म्हातारा फ्रेंच माणूस उभा राहिला. मृतांच्या वारसांसाठी त्याने शपथेवर साक्षी दिल्या: अलामो पडलं ६ मार्चला, आणि मी त्याच्या तीन दिवस आधी या माणसांना तिथे जिवंत सोडून निघालो. पुढे १८७३ मध्ये विल्यम झुबर याने ‘टेक्सस अल्मनॅक’मध्ये सेनापती ट्रॅव्हिसने तलवारीने जमिनीवर ओढलेल्या रेषेची गोष्ट छापली. ती रेषा न ओलांडता निसटलेला एकमेव माणूस म्हणजे हाच रोझ. अनेकांनी ती गोष्ट कपोलकल्पित ठरवली. रोझने साक्षी दिल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आर. बी. ब्लेक यांना कोर्टाच्या दप्तरात त्या सापडल्या. रेषेचा पुरावा त्या साक्षींत नाहीच. पण ज्याला टेक्ससने भित्रा म्हणून हिणवलं, त्याच्या शब्दावर काही हुतात्म्यांचा वारसा उभा आहे. मला तरी या साऱ्या इतिहासात यापेक्षा खमंग विसंगती दुसरी दिसत नाही.

एस्पार्झा घराण्याची फाईल याहून वेगळी. ग्रेगोरिओ एस्पार्झा अलामोच्या तोफेवर मारला गेला. त्याचा भाऊ फ्रान्सिस्को मेक्सिकोच्या बाजूला. बाकीच्यांची प्रेतं सरणावर जाळली गेली, ग्रेगोरिओला मात्र भावाने परवानगी काढून दफन केलं. १८५९ मध्ये ग्रेगोरिओच्या वारसांच्या दाव्यासाठी जबानी दिली ती याच फ्रान्सिस्कोने.

शिपाई एकदा सापडला की काम संपलं असं नवख्याला वाटतं. खरी दमछाक मधल्या पिढ्यांत होते. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिणारी पहिली अमेरिकन जनगणना १८५० ची. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले आणि टेक्ससभर जन्मनोंद सुरू झाली ती १९०३ मध्ये. म्हणजे नातवंडं लग्न करून, आडनाव बदलून, पश्चिमेकडे सरकत होती नेमकी तीच वर्षं कोरी. तिथे १८७० नंतरचे पेन्शनचे अर्ज कामी येतात, कारण त्यांत म्हाताऱ्या सैनिकाचं वय असतं, राहण्याचं ठिकाण असतं. डीएनए चाचणीची जाहिरात जोरात असली तरी सात पिढ्या मागे १२८ पूर्वज असतात. त्यांतला लढलेला कोणता, हे रक्त सांगत नाही.

१८९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द रिपब्लिक ऑफ टेक्सस’ या संस्थेचं सभासदत्व अशाच पिढी-दर-पिढी कागदांवर मिळतं. पण कागद कुणाचे तयार झाले? प्रजासत्ताकाच्या घटनेने आफ्रिकन वंशाच्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना नागरिकत्वातूनच वगळलं होतं. ट्रॅव्हिसचा गुलाम जो हल्ल्याच्या पहाटे मालकाबरोबर तटावर होता. तो वाचला, मंत्रिमंडळापुढे त्याने अलामोची हकिकत सांगितली, आणि मग ट्रॅव्हिसच्या मालमत्तेचा एक भाग म्हणून परत पाठवला गेला. त्याला एकर नाही, गुंठाही नाही. सॅन जसिंटोच्या पहिल्या वर्धापनदिनी, २१ एप्रिल १८३७ ला, तो पळाला. त्याला पकडून देणाऱ्यास पन्नास डॉलर, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली.

रॉन जॅक्सन आणि ली व्हाइट यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात जोचं कूळ शोधलं. त्यांच्या मते, गुलामगिरीतून निसटून लेखक झालेला विल्यम वेल्स ब्राऊन हा जोचा भाऊ. ब्राऊनच्या १८४७ च्या आत्मचरित्रात भावंडांची नावं आहेत आणि त्यांत एक जोसेफ आहे. एका नावावर नातं जोडणं कच्चं आहे, हे खरं. म्हणून जॅक्सन आणि व्हाइट यांनी मालकांची कागदपत्रंही तपासली. शिपायाचे वंशज सनद काढून दाखवतात. जोच्या बाबतीत शोध मालकांच्या हिशेबांतूनच करावा लागला.