पुरावा शेजारच्याच जिल्ह्यातला

गोंदियातील सालेकसा-देवरीच्या टोल्यांवर आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, घरी येऊन नवजात बाळाचं वजन-तापमान पाहते, त्यामागे शेजारच्या गडचिरोलीतलं संशोधन आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित महिलांकडून घरोघरी नवजात-सेवा दिली, ४७ गावांशी तुलना केली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी आढळला. ‘लॅन्सेट’मध्ये हे १९९९ला छापून आलं, अशा घरोघरी नवजात-सेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला २०११ उजाडलं. हा उशीर अक्षम्यच. संस्थेला जमलं ते सरकारी यंत्रणेला कसं जमेल, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रयोगातलं प्रशिक्षण आणि नियमित देखरेख हाही त्या पुराव्याचाच भाग होता. भेटींची संख्या तेवढी उचलली आणि देखरेख, औषधं, वेळेवर मोबदला मागे राहिला, तर गडचिरोलीचा प्रयोग राबवला असं सरकारला म्हणता येणार नाही.