वॉन्टन नूडल्स: २० मिनिटांत, दोघांसाठी

हाँगकाँगच्या वॉन्टन नूडल्सचं हे घरगुती रूप. पोर्क खिम्याची भर माझी!

🍜 दोन बाउलमध्ये प्रत्येकी १ मोठा चमचा सोया सॉस, चिमूटभर पांढरी मिरपूड, कांद्याची पात आणि भाजलेल्या तिळाचं तेल अर्धा चमचा घाला. आपलं नेहमीचं तीळतेल नको, चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

🍜 १५० ग्रॅम खिमा आलं-लसणावर मोठ्या आचेवर परता. गुलाबी रंग गेला की क्षणभर हलवू नका. कडा तांबूस, कुरकुरीत होतात, खरी चव तिथेच असते.

🍜 फ्रोझन वॉन्टन न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडा. उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घाला, असं दोनदा. आवरण फाटत नाही, सारण आतपर्यंत शिजतं.

🍜 एग नूडल्स वेगळ्या पातेल्यात उकडून गार पाण्याने धुवा, म्हणजे क्षाराचा वास जातो.

आता बाउलमध्ये गरमागरम चिकन स्टॉक ओता. हाँगकाँगला वॉन्टन खाली, नूडल्स वर ठेवतात, त्यामुळे नूडल्स भिजून लिबलिबीत होत नाहीत. वर खिमा पसरा आणि लगेच खायला बसा!